पंचवीस हजार फुटांवरची 'गुणवत्ता'

चळवळीतील काही ज्येष्ठांची आमच्यावर नाराजी आहे. शिरगावची ही पोरे रात्री बारा-बारा वाजेपर्यंत कॉम्प्युटरवर विमाने उडवत बसतात, तेवढ्या वेळात बाबासाहेबांच्या ग्रंथांचा एखादा खंड वाचून झाला असता, असे त्यांचे म्हणणे आहे. नामांतराच्या लढ्यात लाठ्या खाल्लेले आमचे एक काका तर तोंडावरच म्हणाले, "तुमच्या हातात पुस्तक दिलं होतं, तुम्ही दांडका धरून बसलात." दांडका म्हणजे जॉयस्टिक. काकांचा अधिकार मोठा आहे आणि त्यांना उलटून बोलण्याची आमची रीत नाही. पण खेळ म्हणजे फुकट गेलेला वेळ, हा मुद्दा आम्हाला मान्य नाही. आरक्षण आणि गुणवत्ता या विषयावर आपण इतकी वर्षे भाषणे ऐकली, लेख वाचले, फेसबुकवर रात्ररात्र भांडलो. तो वाद जितका स्वच्छ आम्हाला या खेळात दिसला तितका आणखी कुठे दिसला नव्हता.

आम्ही म्हणजे सहा जण. दोघे बोईसरच्या एमआयडीसीत कंत्राटी कामावर, एक पालघरला मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात, एक बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला, एक शेजारच्या पाड्यावरचा वारली मित्र आणि एक बहीण, जिने यंदा अकरावीला सायन्स घेतले. एका ऑफिसने भंगारात काढलेला कॉम्प्युटर वर्गणी काढून घेतला. त्यावर नवे गेम चालत नाहीत. 'आयएल-२ श्टुर्मोविक' हा २००१ सालचा सिम्युलेटर आणि त्याची २००६ मधली '१९४६' ही मोठी आवृत्ती मात्र चालते. सिम्युलेटर म्हणजे गोळ्या झाडण्याचा नुसता खेळ नव्हे. यात विमानाला वजन असते, इंजिन तापते, पेट्रोल संपते, हवा विरळ होते. भौतिकशास्त्राचे नियम तुमचे आडनाव विचारत नाहीत, आणि सवलतही देत नाहीत.

यातली सर्वांत अवघड कामगिरी म्हणजे खूप उंचावरून येणाऱ्या बॉम्बर विमानांना अडवणे. १९४३-४४ साली अमेरिकेची बी-१७ ही चार इंजिनांची बॉम्बर विमाने इंग्लंडमधून निघून भरदिवसा जर्मनीवर जात. उंची साधारण पंचवीस हजार फूट, म्हणजे साडेसात किलोमीटरच्या वर. एव्हरेस्टच्या शिखरापेक्षा हजार-बाराशे मीटरच खाली. तिथे हवेची घनता समुद्रसपाटीच्या निम्म्याहूनही कमी, थंडी उणे तीस-चाळीस अंश, ऑक्सिजनचा मुखवटा निसटला तर माणूस काही मिनिटांत बेशुद्ध. एका विमानात दहा माणसे आणि नंतरच्या आवृत्तीत तब्बल तेरा मशीनगन. अशी अठरा-अठरा विमाने थोडी वर, थोडी खाली, एकमेकांना झाकत उडत. कुठूनही जवळ जा, डझनभर बंदुका तुमच्याकडे वळलेल्या.

तुम्ही असता खाली, धावपट्टीवर. सूचना मिळते, इंजिन सुरू होते. जर्मनांचे मेसरश्मिट १०९ हे लढाऊ विमान पूर्ण जोर लावून त्या उंचीवर चढायला आठ-दहा मिनिटे घेते, जड तोफा लटकवल्या तर आणखी जास्त. आणि बॉम्बर तुमच्यासाठी थांबलेले नसतात. त्यांचा वेग मिनिटाला सहा किलोमीटरच्या आसपास. आपल्या भाषेत सांगायचे तर तुम्ही जमीन सोडली तेव्हा ते डहाणूवर होते. तुम्ही त्यांच्या उंचीला पोहोचलात तेव्हा ते विरारच्या तोंडाशी आहेत. (हेच अंतर कापायला आपल्या डहाणू लोकलला किती वेळ लागतो, ते विचारू नका.)

नवखा खेळाडू काय करतो? वर ठिपके दिसले की विमानाचे नाक थेट तिकडे उचलतो. नाक फार वर गेले की वेग मरतो, वेग मेला की पंखावरची हवा सुटते आणि विमान दगडासारखे खाली. जाणता खेळाडू आधी बॉम्बरांकडे पाठ फिरवतो. ते जिथे जाणार आहेत त्या दिशेने, त्यांच्या पुढे राहून, नाक बेताने वर ठेवून तो चढत राहतो. बघणाऱ्याला वाटते, हा पळून चाललाय. सहा हजार मीटरच्या वर फोके-वुल्फ १९० सारखे खाली वाघ असलेले विमानही दमेकऱ्यासारखे धापा टाकते, कारण त्याचे इंजिन दाट हवेसाठी बांधलेले. बी-१७ च्या इंजिनांना मात्र टर्बोचार्जर जोडलेले असतात. विरळ हवा दाबून आत घेण्याची सोय त्यांच्या घडणीतच आहे, त्यामुळे तिथे तुमचा श्वास कोंडतो आणि ते आरामात चाललेले असतात. शहरातल्या मोठ्या कॉलेजात पहिल्यांदा पाऊल टाकलेल्या आपल्या पोरांना हा धापा टाकण्याचा प्रकार वेगळा समजावून सांगायला नको.

बरोबरीच्या उंचीला पोहोचलात तरी काम भागत नाही. मागून गेलात तर दोघांची दिशा एकच, त्यामुळे अंतर हळूहळू कमी होते आणि तुम्ही बराच वेळ शेपटीवरच्या बंदुकांसमोर टांगलेले राहता. म्हणून १९४२ च्या अखेरीस एगॉन मायर या जर्मन वैमानिकाने समोरून हल्ला करण्याची पद्धत रूढ केली, कारण बी-१७ चे नाक तेव्हा कमजोर होते. समोरून जाताना दोन्ही विमानांचे वेग एकत्र होतात आणि नेम धरायला जेमतेम दीड-दोन सेकंद मिळतात. एक बी-१७ पाडायला वीस मिलिमीटर तोफेचे सरासरी वीस गोळे बसावे लागतात, असा खुद्द जर्मनांचा हिशेब होता. दोन सेकंदांत वीस गोळे लावून बघा! तरीही १४ ऑक्टोबर १९४३ रोजी श्वाइनफुर्टच्या बॉलबेअरिंग कारखान्यांवर निघालेल्या २९१ बी-१७ पैकी ६० परतलीच नाहीत. ज्यांनी ती पाडली ते बहुतेक वर, पुढे आणि वेळेवर पोहोचलेले होते.

आता मुद्द्यावर येतो. या खेळात सुरुवात कुठून करायची ते निवडता येते. धावपट्टीवरून, की थेट हवेत, अमुक इतक्या उंचीवर. आम्ही एक गंमत केली. आमच्यातला जो सर्वांत तरबेज, त्याला खाली धावपट्टीवर ठेवले आणि जो महिनाभरापूर्वी शिकला त्याला आठ हजार मीटरवर. विमाने सारखी, पेट्रोल सारखे, गोळ्या सारख्या. जवळजवळ दर वेळी नवखा जिंकला. मग जागा बदलल्या, तेव्हा निकालही बदलला. उंची म्हणजे साठवलेला वेग. हवेचा विरोध बाजूला ठेवला तर हजार मीटरवरून नुसती सोडून दिलेली वस्तूसुद्धा जमिनीपर्यंत येताना ताशी पाचशे किलोमीटरचा वेग घेते. वरच्याला हा वेग हवा तेव्हा वापरता येतो. झेप घ्यायची, गोळ्या झाडायच्या, उरलेल्या वेगावर परत वर जायचे. नेम चुकला तर दुसरी संधी, तिसरी संधी. खालच्याला एकच संधी, आणि तीही धापा टाकत.

आमच्या बी.एस्सी.वाल्याने त्या रात्री फार नेमके सांगितले. वरचा वैमानिक आपल्यापेक्षा हुशार नाही, तो आपल्याआधी निघालाय. उंची म्हणजे आधी मिळालेला वेळ.

ज्याच्या पणजोबाकडे पाटी होती, आजोबाकडे सरकारी नोकरी आणि वडिलांकडे पुण्यात फ्लॅट, तो हवेतून सुरुवात करतो. ज्याच्या पणजोबाला गावच्या पाणवठ्यावर जाता येत नव्हते तो धावपट्टीवर. मग दोघांचा एकच पेपर घ्यायचा, एकच कटऑफ लावायची, आणि वरच्याने वरून झेप घेतली की त्याला 'मेरिट' म्हणायचे. खालच्याला दोन हजार मीटर वर उचलून ठेवले, तेही बरोबरीला नाहीच, तरी आरडाओरडा सुरू: हा अन्याय आहे, गुणवत्तेचा खून आहे! आमच्या खेळात असा आरडाओरडा कोणी केला तर पोरे हसतील. आकाशात कोणीही उंचीला गुणवत्ता म्हणत नाही. हा घोटाळा फक्त जमिनीवर चालतो. बाबासाहेबांनी 'मूकनायक'च्या पहिल्याच अंकात, ३१ जानेवारी १९२० रोजी, या समाजाला बिनशिडीच्या मनोऱ्याची उपमा दिली. शिडीच नसेल तर कोण किती चांगला चढतो हा प्रश्नच कुठे येतो?

आणि खुद्द बाबासाहेब? त्यांना थोडी उंची मिळाली ती लष्करामुळे. सुभेदार रामजी लष्करी शाळेत शिक्षक होते, मुख्याध्यापक होते. जुन्या लष्करात शिपायांच्या मुलाबाळांना शिक्षण मिळत असे, म्हणून त्या घरात पुस्तक आले. पुढे १८९०च्या दशकाच्या सुरुवातीला इंग्रजांनी 'लढवय्या जातीं'चे शास्त्र काढले आणि महारांची भरतीच बंद केली. पहिल्या महायुद्धात माणसे कमी पडली तेव्हा १९१७ साली १११ वी महार पलटण उभी केली, गरज संपल्यावर १९२१ साली मोडून टाकली. एका समाजाची धावपट्टीच उखडली, आणि नंतर विचारले, तुमच्यात लढवय्ये का नाहीत?

यात एक वाद झाला तो झाकून ठेवण्यात अर्थ नाही. बी-१७ अडवायचे म्हणजे जर्मन विमानात बसायचे. म्हणजे हिटलरच्या बाजूने. आमच्या वारली मित्राने एक दिवस जॉयस्टिक खाली ठेवली आणि म्हणाला, "ज्यांनी वंश बघून माणसं मारली त्यांची राखण मी करणार नाही." बाकीचे म्हणाले, खेळ आहे रे. पण खेळ आहे म्हणून सुटत नाही. खेळ बनवणाऱ्यांनी जर्मन विमानांच्या शेपटीवरचे स्वस्तिक काढून टाकले आहे, कारण जर्मनीत ते चिन्ह दाखवण्यावर कायद्याची बंधने आहेत. चिन्ह पुसले म्हणून विमान कोणाचे ते बदलते का? आपल्याकडे आडनाव बदलून जात पुसल्याचा आव आणणारे कमी नाहीत, त्यांना हे तंत्र ओळखीचे वाटेल. काही लोक तर आजही पुस्तकाच्या स्टॉलवर हिटलरचे आत्मचरित्र 'प्रेरणादायी' म्हणून विकत घेतात, आणि त्यात आपलीही पोरे असतात. हे लिहायला लाज वाटते, पण पालघर स्टेशनबाहेर आम्ही ते पाहिले आहे.

बाबासाहेबांची भूमिका तर लख्ख होती. मजूरमंत्री म्हणून डिसेंबर १९४२ मध्ये मुंबईच्या रेडिओवरून बोलताना हिंदी कामगाराला हे युद्ध जिंकायचेच आहे आणि का, ते त्यांनी सांगितले. हे मुलूख वाटून घेण्याचे भांडण नव्हे, माणसामाणसातले नाते बदलणारी ती क्रांती आहे, अशी त्यांची मांडणी. नाझींच्या नव्या व्यवस्थेत कामगाराला आणि काळ्या-सावळ्या माणसाला गुलामीशिवाय काही नाही हे त्यांनी ओळखले होते. दुसरीकडे बॉम्बरांच्या पोटात काय होते हेही आम्हाला ठाऊक आहे. हॅम्बुर्ग जळाले, ड्रेस्डेन जळाले, पोरेबाळे जळाली. म्हणून आम्ही एवढेच ठरवले की कोणत्याही एका बाजूने सलग खेळायचे नाही. अडवणाराही व्हायचे आणि राखणाराही.

राखणारा व्हायला बसलो तिथे आम्हाला खरी माणसे सापडली. बॉम्बरांच्या वर, आणखी उंचीवर, संरक्षक लढाऊ विमाने असत. तुम्ही जीव काढून पंचवीस हजार फूट गाठता, समोर बॉम्बर दिसतात, आणि तेवढ्यात आणखी वरून मस्टँग तुमच्या डोक्यावर उतरतात. त्या मस्टँगच्या काही तुकड्यांपैकी एकीच्या विमानांच्या शेपट्या लालभडक रंगवलेल्या होत्या. इटलीतल्या तळावरून उडणारा ३३२ वा फायटर ग्रुप. त्यातला प्रत्येक वैमानिक काळा होता.

ही गोष्ट आपल्या पोरांना पाठ असायला हवी. १९२५ साली अमेरिकन लष्कराच्या वॉर कॉलेजने अहवाल दिला की काळा माणूस बुद्धीने आणि धैर्याने कमी पडतो, युद्धातली जबाबदारीची कामे त्याच्या आवाक्यातली नाहीत. 'लढवय्या जातीं'चाच हा अमेरिकन भाऊ. विमानदलाचे दार काळ्यांना बंद होते. वृत्तपत्रे आणि संघटना भांडल्या, तेव्हा १९४१ साली अलाबामातल्या टस्कीगी येथे काळ्या वैमानिकांचे वेगळे प्रशिक्षण सुरू झाले. वेगळा तळ, वेगळी तुकडी. म्हणजे दार उघडले तेही मागचे. त्याच १९४१ साली, १ ऑक्टोबरला, बेळगावला महार रेजिमेंट उभी राहिली. बाबासाहेबांनी त्यासाठी किती पाठपुरावा केला ते वाचकांना सांगायला नको. पृथ्वीच्या दोन टोकांना, एकाच वर्षी, एकाच युद्धाच्या गरजेपोटी, बंद केलेली दोन दारे किलकिली झाली. माणसे मरायला कमी पडतात तेव्हा व्यवस्थेला समता आठवते.

टस्कीगीच्या पहिल्या तुकडीतून मार्च १९४२ मध्ये पाच जण वैमानिक झाले. त्यांत बेंजामिन डेव्हिस. हा माणूस १९३२ ते १९३६ अशी चार वर्षे वेस्ट पॉइंटच्या लष्करी अकादमीत शिकला, आणि चार वर्षांत सरकारी कामापलीकडे एकाही गोऱ्या विद्यार्थ्याने त्याच्याशी शब्द बोलला नाही. खोलीत जोडीदार नाही. जेवणाच्या टेबलावर एकटा. साताऱ्याच्या शाळेत घरून नेलेल्या गोणपाटावर वेगळे बसणारा भिवा आठवल्याशिवाय हे वाचता येत नाही. डेव्हिस उत्तम क्रमांकाने बाहेर पडला, विमानदलासाठी अर्ज केला, आणि काळ्यांची तुकडीच नाही म्हणून अर्ज नाकारला गेला. पुढे याच डेव्हिसने ३३२ व्या ग्रुपचे नेतृत्व केले, आणि १९५४ साली तो अमेरिकन हवाई दलाचा पहिला काळा जनरल झाला.

डेव्हिसची शिस्त अशी की शत्रूची विमाने पाडून नाव कमावण्यासाठी पळत सुटायचे नाही. बॉम्बरांना चिकटून राहायचे, त्यांना सुखरूप नेऊन आणायचे. लढाऊ वैमानिकाला हे जड जाते. खेळात आम्हालाही जाते: खाली एकटे मेसरश्मिट दिसले की हात शिवशिवतात, आणि तुम्ही त्याच्या मागे गेलात की दुसरी चार विमाने मोकळ्या वाटेने बॉम्बरांवर पडतात. या तुकडीने एकही बॉम्बर गमावला नाही अशी कथा वर्षानुवर्षे सांगितली गेली. नंतर हवाई दलाच्या इतिहासकारांनी नोंदी तपासल्या तेव्हा त्यांच्या राखणीतले सुमारे २७ बॉम्बर शत्रूच्या विमानांनी पाडले होते असे दिसले. इतर ग्रुपांची सरासरी ४६ होती. म्हणजे ते इतरांहून चांगले होते, पण माणूस होते. मग 'एकही नाही' ही दंतकथा का लागली? कारण खालून आलेल्याने नुसते चांगले असून भागत नाही, त्याला निष्कलंक असावे लागते. गोऱ्याचे ४६ गेले तरी तो वैमानिक; काळ्याचा एक गेला तर १९२५ चा अहवाल खरा. आपला एक अधिकारी चुकला तर 'कोट्यातला', त्यांचा घोटाळेबाज निघाला तर 'व्यक्तिगत प्रकरण'. दंतकथेपेक्षा २७ हा आकडा आम्हाला जास्त प्रिय आहे. तो माणसाचा आकडा आहे.

२४ मार्च १९४५ ला बर्लिनवरच्या मोहिमेत याच लाल शेपट्यांनी जर्मनीची तीन जेट विमाने पाडली. आम्ही आमच्या मस्टँगची शेपटी लाल रंगवून घेतली आहे. गेममध्ये तशी सोय आहे, अर्धा तास लागतो.

आता आपल्यातल्या वर गेलेल्यांबद्दल. १८ मार्च १९५६ रोजी आग्र्याला बाबासाहेबांनी शिकलेल्या लोकांबद्दल जी खंत बोलून दाखवली ती सर्वांना माहीत आहे, दर जयंतीला ती फलकावर लिहिली जाते आणि फलक बांधायला वर चढतात कोण, तर कंत्राटी कामगार. उंची मिळाल्यावर ती खर्च कशावर करायची हा प्रश्न आहे. स्वतःच्या शिकारी मोजायच्या, की खालून येणाऱ्यांच्या डोक्यावर छत्र धरायचे? आरक्षणातून वर गेलेल्या, ठाण्या-मुंबईत स्थिरावलेल्या आमच्या काही साहेबांना हे लागेल. लागू द्या. शिरगावच्या पोरीला सायन्सचा क्लास लावायला पैसे कमी पडले तेव्हा वरून कोणी उतरले नाही. वर्गणी एमआयडीसीतल्या दोन पोरांच्या ओव्हरटाइममधून झाली.

त्या पोरीला हवाई दलात जायचे आहे. अकरावीला प्रवेश घेताना एका शिक्षकाने तिला सल्ला दिला की तुम्हाला कॉमर्स सोपे जाईल. 'तुम्हाला' या शब्दात कोण कोण येते ते त्याने सांगितले नाही. बारावीला फिजिक्स आणि गणित नसेल तर एनडीएतून हवाई दलाची वाट बंद. मुलींना एनडीएची परीक्षा देता यावी असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने २०२१ साली दिला, आणि मुलींची पहिली तुकडी मे २०२५ मध्ये बाहेर पडली. सैन्यदलाच्या अधिकारी भरतीत आरक्षण नाही, म्हणजे तिथे धावपट्टीवरूनच निघायचे आहे. नागरी वैमानिक व्हायचे तर परवान्यासाठी दोनशे तासांचे उड्डाण लागते आणि खर्च चाळीस-पन्नास लाखांच्या पुढे. बाबासाहेबांनी १९४२ साली व्हाइसरॉय लिनलिथगो यांना दिलेल्या निवेदनात नेमके हेच मांडले होते, की नुसत्या कला आणि कायद्याच्या पदव्यांनी अस्पृश्य वर्गाचे भागणार नाही, विज्ञान आणि तंत्रज्ञानाचे उच्च शिक्षण हवे, आणि ते महाग आहे म्हणून सरकारने पैसा द्यावा. १९४४ पासून मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती सुरू झाली ती याच रेट्यातून. आज तीच शिष्यवृत्ती खात्यावर कधी येते हे ज्यांच्या घरात कॉलेजची पोरे आहेत त्यांना विचारा. दहा मिनिटांची चढाई आहे, आणि इंधन आठव्या मिनिटाला येते.

राहिली जमीन. ७ मे २०२५ रोजी सीमेवरच्या तणावामुळे देशभर नागरी संरक्षणाची मॉक ड्रिल झाली. महाराष्ट्रात सर्वाधिक धोक्याच्या पहिल्या वर्गात मुंबई, उरण आणि तारापूर ही नावे होती. तारापूरला १९६९ पासून अणुवीज केंद्र आहे, त्याच्या तिसऱ्या-चौथ्या भट्टीसाठी अक्करपट्टी आणि पोफरण ही गावे उठवली गेली, आणि शेजारी रसायनांचे कारखाने. वरून कोणी आलेच तर ते कुठे येईल हे सरकारने आम्हाला यादीत लिहून दिले. त्या दिवशी भोंग्यांची चर्चा चालली असताना आमचे दोघे ड्यूटीवर होते. भोंगा वाजला तर कंत्राटी कामगाराने कुठे जायचे, हे त्यांना कोणी सांगितले नव्हते. त्यानंतर आमचे खेळणे थोडे बदलले. इतके दिवस आम्ही वरचे पाहत होतो, खाली काय आहे ते पाहत नव्हतो.

भारतावर बॉम्बर आले होते. २० डिसेंबर १९४२ पासून जपानी विमानांनी कोलकात्यावर रात्री हल्ले केले. शहराच्या मधोमध रेड रोडवरून हरिकेन विमाने उडत, पण अंधारात ती आंधळी. जानेवारी १९४३ मध्ये रडार लावलेली बोफायटर विमाने आली आणि १५ जानेवारीच्या रात्री प्रिंग नावाच्या सार्जंटने एकट्याने तीन बॉम्बर पाडले. त्यानंतर बरेच दिवस शांतता. मग ५ डिसेंबर १९४३ रोजी भरदिवसा, संरक्षक विमानांसह, जपानी बॉम्बर खिदिरपूरच्या गोदीवर आले. हरिकेन अडवायला गेली, पण बॉम्ब गोदीवर पडलेच. मेले ते मुख्यतः गोदी कामगार. वर्ष तेच, ज्या वर्षी बंगालात लाखो माणसे भुकेने मरत होती. त्यांतली कित्येक पोटासाठी शहरात आलेली. मजूर खात्याच्या खुर्चीवर तेव्हा बाबासाहेब होते.

आम्ही ही कामगिरी खेळात बांधायला घेतली आहे. कोलकात्याचा नकाशा आमच्याकडे नाही, म्हणून दुसऱ्या एका बंदराचा वापरतो. त्यात जहाजे आहेत, क्रेन आहेत, गोदामे आहेत, माणूस एकही नाही. बॉम्ब पडला की गोदाम जळते आणि कोपऱ्यात गुण कमी होतात. आमच्या वारली मित्राने गोदामांच्या रांगेत चार ट्रक आणि एक छोटी झोपडी ठेवली, आणि सांगितले की ती झोपडी पडली तर बाकी किती विमाने पाडली ते मोजायचे नाही.

हरिकेन जुने विमान, चढायला जड. सूचना उशिरा मिळते. गेल्या आठवड्यात आम्ही सहाही जण पाळीपाळीने बसलो, दक्षिणेकडे पाठ करून चढलो, आणि प्रत्येक वेळी तीन-चार मिनिटे कमी पडली. आता बहीण म्हणते की एक विमान आधीपासूनच वर फिरत ठेवायचे, त्याने शिकार करायची नाही, नुसते बॉम्बरांची शिस्त मोडायची आणि खालच्यांना चढायला वेळ काढून द्यायचा. त्या विमानात कोण बसणार यावर काल रात्री वीज जाईपर्यंत भांडण चालले होते.